पुढच्या चाकांचा दांडा

कल्याणला आमच्या गॅरेजच्या दारात मारुती येऊन उभा राहिला, तेव्हा मी त्याला लगेच ओळखलं आणि तरीही खेकसलो, "काय पाहिजे?" माझी ती जुनी खोड आहे. समोरचा तोंड उघडायच्या आत आपण अंगावर जायचं, म्हणजे तो फार वेळ थांबत नाही. त्या दिवशी तर त्यानं मुळीच थांबू नये असं मला वाटत होतं.

"ताईनं बोलावलंय," तो म्हणाला. "ट्रक आता मी चालवनार. पुढची चाकं वढतात का नाय, तेवढा बघून द्या बोलली."

त्याची ताई म्हणजे बायजा, माझ्या मित्राची, गणूची बायको. आणि ट्रक म्हणजे तोच, ज्याच्याखाली गणू गेला. त्याला वर्ष होत आलं होतं.

गणू आगरी. कळव्याच्या पलीकडे खाडीकाठी त्याचं मिठागर. दुसरी मोठी लढाई संपल्यावर कल्याणच्या कॅम्पातले मिलिटरीचे ट्रक लिलावात निघाले, त्यातला एक त्यानं घेतला, तोही माझ्याच सांगण्यावरून. लढाईभर मी मिलिटरीच्या वर्कशॉपात फिटर होतो, या ट्रकांच्या पोटात काय काय असतं ते मला पाठ होतं. साध्या ट्रकला मागची चाकं ढकलतात. याची पुढचीही ओढतात. चिखल आला की ड्रायव्हरनं सीटजवळचा एक दांडा ओढायचा, की पुढच्या चाकांना जोर येतो. बऱ्या रस्त्याला लागलं की तो दांडा परत लोटून द्यायचा, नाहीतर आतले सांधे पिळवटून मोडतात. एवढंच त्यातलं शास्त्र.

गेल्या माघात गणू मीठ भरून बांधावरून येत होता. बांध ओला होता. मागची चाकं रुतली, जागच्या जागी फिरत राहिली, बांधाची कड ढासळली आणि ट्रक गणूसकट खाडीत कलंडला. त्याच्या पंधराच दिवस आधी पुढच्या डाव्या चाकाचा आतला सांधा मी बदलला होता. नवा मिळत नव्हता. भंगारात एक पडला होता, दिसायला बरा होता, तो बसवून टाकला. आत कुठे चीर होती की नव्हती, देव जाणे. तो सांधा तुटला असेल तर पुढची चाकं ओढणं शक्यच नव्हतं, आणि मग गणूला मीच मारला. वर्षभर हे एकच माझ्या डोक्यात होतं, आणि ज्याच्याजवळ बोलावं असा माणूस उरला नव्हता.

तसा माणूस गणूच होता. डोंबिवलीत माझी एक खोली आहे. बायको लग्नानंतर तीन वर्षांत क्षयानं गेली. बहीण उत्तरा पुण्याहून वर्षाला दोन कार्डं टाकते. शेजारीपाजारी मला जिन्यात बघितलं की दार लोटून घेतात, आणि त्यांचंही काही चुकत नाही. गणू मात्र दर रविवारी यायचा, कागदात सुके बोंबील बांधून. मी म्हणायचो, "अरे गाढवा, ही ब्राह्मणाची खोली आहे." तो म्हणायचा, "मंग खिडकी लावून भाजा, हरीभाव." मी खिडकी लावून भाजायचो. मी शिव्या द्यायचो, तो हसायचा, आणि दुपार कशी जायची कळत नसे. तो गेल्यापासून रविवार फार मोठा झाला होता. सकाळी खिडकीशी बसायचो तो दिवेलागणीला उठायचो.

तेराव्यानंतर मी त्या गावात पाऊल टाकलं नव्हतं. आता मात्र पिशवीत पाने भरले आणि ठाण्याला उतरून पुलावरून चालत गेलो.

ट्रक अंगणात मांडवाखाली उभा होता. खाडीतून ओढून आणल्यावर त्याला कुणी हात लावला नव्हता. पत्र्याला गंज चढला होता. बायजावहिनी पडवीत सुपात तांदूळ निवडत होती. "आलाव भाव?" एवढंच म्हणाली आणि परत सुपात बघू लागली. मला तिच्याकडे बघवेना.

इंजिन बंद असलं तरी ही परीक्षा करता येते. मागच्या चाकांना धोंडे लावले, गिअर टाकला आणि पुढचं डावं चाक जॅकवर उचललं. मग दांड्याकडे बघितलं. तो लोटलेला होता, म्हणजे पुढची चाकं मोकळी. खाडीतून ओढताना कुणाचा तरी धक्का लागला असेल, असं मी मनाशी म्हटलं. उचललेलं चाक हातानं फिरवलं. करकरत का होईना, फिरलं. इथवर ठीक होतं.

आता दांडा ओढायचा आणि तेच चाक पुन्हा फिरवून बघायचं. आतलं सगळं शाबूत असेल तर चाक हलणार नाही. सांधा तुटलेला असेल तर ते माझ्या हातात गरगर फिरेल. मी दांडा ओढला. गंजामुळे तो बसेना. मारुतीला चाक थोडं मागेपुढे करायला लावलं, तेव्हा खट्कन बसला.

मी खाली उतरलो. मारुतीवर उगाच ओरडलो, "बघत काय उभा राहिलास? सरक!" टायर दोन्ही हातांनी धरला आणि जोर लावला. चाक हललं नाही. सगळं अंग टाकून लोंबकळलो. मारुतीलाही लोंबकळायला लावलं. चाक तसूभर हललं नाही. मग उजवं चाक उचललं, तिथेही तेच. भंगारातला माझा सांधा वर्षभर खारात राहूनही पक्का होता.

मी तिथेच मातीत बसलो आणि रडलो. पन्नाशी ओलांडलेला माणूस, भावाभावांत वाटणीवरून भांडण झालं तेव्हा रडलो नाही, बायको गेली तेव्हा चारचौघांत रडलो नाही, तो मारुतीसमोर हमसून रडलो. "वहिनी, ओढतंय!" मी ओरडलो. "तेव्हाही ओढत होतं!"

"मना ठावं हाय," बायजावहिनी म्हणाली.

तिनं सूप बाजूला ठेवलं आणि मांडवाशी आली.

"मी त्या दिवशी बांधावंच होते, मिठाच्या पाट्या वाहत. चाकं रुतली तशी मी वरडले, दांडा वढा, दांडा वढा. त्यानं खिडकीतून डोकं काढलं न् बोलला, यो हरीभावानं लावलाय, त्योच काढंल. उद्या कल्यानला जाऊन इचारतो. न् परत गाडी रेटली."

मिठागराच्या बांधात भरतीचं पाणी अडवायला लाकडी फळी असते. ती ज्यानं लावली त्यानंच काढायची, असा त्या गावचा रिवाज आहे. दुसऱ्या कुणी मध्येच काढली तर खाडी कुणाच्या तरी आगरात शिरते आणि वर्षाचं मीठ जातं. बापानं लावलेली फळी मुलगासुद्धा विचारल्याशिवाय काढत नाही. हे मला गणूनंच एकदा सांगितलं होतं.

आणि मग मला तो दिवस आठवला. सांधा मुळात मोडला होता तो गणूच्या हातून. कळव्यापासून कल्याणपर्यंत चांगल्या रस्त्यानं तो दांडा ओढलेला ठेवूनच आला होता. मी गॅरेजात चार माणसांदेखत त्याची सालटी काढली. सांधा बसवल्यावर दांडा माझ्या हातानं लोटला आणि म्हणालो, "हा मी लावलाय. मला विचारल्याशिवाय हात लावलास तर याद राख." चिखलात ओढ, एवढं एक वाक्य पुढे म्हणायचं राहिलं. तीन वर्षं ट्रक चालवणाऱ्याला ते काय सांगायचं? मला ते नेहमीचं ओरडणं वाटलं होतं. अशी ओरडणी मी दिवसातून दहा करतो. ती कुणी मनावर घेत नाही, असा माझा समज होता.

"हे सगळं तुम्हाला वर्षभर माहीत होतं," मी म्हणालो. "मग मला बोलावलंत कशाला?"

"तुमाला ठावं नव्हता म्हनून. तुमच्या गॅरेजातली मानसं मारुतीला बोलली, हरीभाव त्या सांध्याचा सोताशी बडबडत सोताला खात बसलाय. तुमच्या कामात खोट नव्हती, भाव. त्यो काय तुमाला भ्याला नाय. तुमाला मानत व्हता."

तिनं मला दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्यांना मी उत्तर देऊ शकतो. कामात खोट नव्हती हे ऐकायला मी वर्षभर तडफडलो होतो, आणि आता तेच मला ऐकवत नव्हतं. माझं बोलणं खरं मानून चालणारा जगात एकच माणूस होता, आणि त्याला मी तेवढ्यानंच गमावला.

वहिनी चहा टाकायला आत गेली. मी जॅक उतरवला, पाने पुसले. मारुती दाराशी घुटमळत होता. शेवटी म्हणाला, "भाव, दांडा तुमी वढून ठेवलाय. आता रस्त्याला लागताना काढाचा कवा, ते तुमीच याल ना सांगायला?"

त्याला दंडाला धरून मी सीटवर चढवला, त्याचा हात दांड्यावर ठेवला आणि म्हणालो, "लोट." त्यानं लोटला. "ओढ." ओढला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "बरोबर?"

"मला विचारायचं नाही!" मी ओरडलो.

मारुतीनं चटका बसल्यासारखा दांड्यावरून हात काढून घेतला. मला म्हणायचं होतं, तुझा ट्रक, तुझा हात, तुला वाटेल तेव्हा ओढ बाबा. हे हळू आवाजात कसं म्हणतात ते मला येत नव्हतं. मी तसाच त्याच्याकडे बघत उभा राहिलो, आणि तो खाली मान घालून मी काय सांगतो त्याची वाट बघत राहिला.