क्लेमंटचा दगड

युफेमिया मला माकोमे म्हणते आणि मीही तिला माकोमेच म्हणते, कारण तिच्या धाकट्या मुलाची, क्लेमंटची, मी धर्ममाता. आमच्या कॅरियाकूत, या छोट्या कॅरिबियन बेटावर, हे नातं सख्ख्या बहिणीपेक्षा घट्ट. बहिणीशी भांडून अबोला धरता येतो, माकोमेशी येत नाही. म्हणून हे सगळं मला जवळून बघावं लागलं, नाहीतर मी केव्हाच दार लावून घेतलं असतं.

क्लेमंट मासे धरायला गेला आणि बुडाला. काही दिवसांनी समुद्रानं त्याला आमच्याच किनाऱ्यावर आणून टाकलं. असं सहसा होत नाही. आमच्या वाडीत कितीतरी बायका रिकाम्या शवपेटीवर रडल्या आहेत. युफेमियाला निदान पोराचा देह मिळाला. तिनं त्याला घरच्या जमिनीतच पुरलं, तशी आमच्याकडे रीतच आहे, पण पुरलं कुठे, तर अंगणाच्या पार समुद्राकडच्या टोकाला. ते टोक म्हणजे मातीचा कडा, खाली हातभर वाळू, पुढे पाणी.

मी म्हटलं, "माकोमे, घरामागे चढावर एवढी जागा पडलीय की."

"त्याला पाणी दिसायला हवं," ती म्हणाली. "आणि पाण्यालाही दिसू दे, मी त्याला परत घेतलाय ते."

दुःखात माणूस काहीही बोलतं म्हणून मी गप्प बसले. पण समुद्र गप्प बसणारा नव्हता. दर वर्षी तो कड्याचा एक घास खायचा. शेजारच्यांनी त्यांच्या हद्दीत काँक्रीटची भिंत घातली. लाटांनी तिच्या पायाखालची वाळू ओढून नेली आणि भिंत तोंडावर पडली. दुसऱ्या कुणी जुने टायर रचले, एकानं तर मोडका फ्रीज आणून टाकला. तो फ्रीज दार उघडं ठेवून तिथे अजून पडलाय.

युफेमियानं भिंत घातली नाही. तिनं झाडं लावली. उतारावर आडव्या ओळीत वाळा लावला, कारण त्याची मुळं माणसापेक्षा खोल जातात. त्याखाली वाळूवर मर्यादवेल सोडली. कडेला आमची किनारी द्राक्षं लावली, ताटलीएवढ्या पानांची, जी खारं वारं पिऊन वाढतात. किनाऱ्यावर शेवाळाचे ढीग येऊन कुजायचे आणि सगळे नाक दाबून पळायचे. ही ते शेवाळ पाटीनं आणून अंगणात पसरायची, पावसानं त्यातलं मीठ धुऊन निघालं की झाडांच्या बुंध्याशी घालायची. टाकीत पावसाचं साठेल तेवढंच पाणी, त्यामुळे भांडी घासलेलं पाणीसुद्धा तिनं कधी वाया घालवलं नाही. आणि सगळ्याभोवती निवडुंगाचं दाट कुंपण केलं, कारण मका आणि तूर निघाली की आमच्या बेटावर सगळे आपापल्या बकऱ्या मोकाट सोडतात. त्या महिन्यांत बकरीनं कुणाचं काही खाल्लं तर बोलायची सोय नाही. कुंपण घालणं ज्याचं त्यानं बघायचं.

लोक हसायचे. गवंडी हेस्केथ जाता-येता ओरडायचा, "युफेमिया, लोक बकरीसाठी गवत लावतात. तू गवतासाठी बकऱ्या हाकलतेस!"

"तुलाही हाकलीन," ती म्हणायची.

पण झालं काय, की तिच्या वेलीनं वाळू धरली. वाऱ्यानं येईल ती वाळू तिथेच अडायची, वेल तिच्यावर चढायची, वर आणखी वाळू बसायची. दोन्ही बाजूंचे कडे मागे हटत गेले आणि युफेमियाचा तेवढा पुढे आलेला राहिला, पायथ्याशी वाळूची चांगली उंच रास घेऊन. थडग्याभोवती तिनं मोठे शंख मांडले होते, त्यातला एकही कधी हलला नाही. रोज संध्याकाळी ती तिथे बसायची आणि दिवसभराचं सगळं क्लेमंटला सांगायची. माझ्या चुगल्यासुद्धा.

मग लिंडनला स्वप्न पडलं.

लिंडन हा तिचा थोरला. फार लहान वयात लंडनला गेला, तिथे बस चालवतो. भावाच्या मातीलाही त्याला येता आलं नव्हतं आणि ते त्याला आतून खात असावं. फोनवर तो म्हणाला, "आई, क्लेमंट आला होता. ओलाचिंब. म्हणाला, मला डोक्यावर काही नाही. माझा दगड कुठे आहे?"

आमच्यात मेलेल्या माणसाला दगड बसवल्याशिवाय तो पुरता गेला असं कुणी मानत नाही. वर्षं गेली तरी चालतात, पण तो स्वप्नात येऊन मागायला लागला की मग टाळता येत नाही. दगड आणायचा, रात्रभर घरात मेणबत्त्या लावून त्याला पाहुण्यासारखा ठेवायचा, वाडी जेवू घालायची, ढोल वाजवायचे आणि सकाळी दगड थडग्यावर न्यायचा.

मी म्हटलं, "लंडनपर्यंत गेला होय? व्हिसा कुणी दिला?"

युफेमिया हसली नाही. "माझ्याकडे न येता त्याच्याकडे गेला," एवढंच म्हणाली. तिला ते लागलं होतं.

लिंडन नाताळच्या सुट्टीत आला. त्यानं सगळं मोठं ठरवलं होतं. नुसता दगड नाही, खाली काँक्रीटचा चौथरा, वर आडवी जाड लादी, उशाला नाव कोरलेला संगमरवर. मी तोंडावर सांगितलं, "नाकापेक्षा मोती जड होतोय, लिंडन." मावशीला आमच्याकडे टँटी म्हणतात; तो म्हणाला, "टँटी, माझा एकुलता भाऊ होता."

युफेमियानं एकच अट घातली. "कड्याखालच्या वाळूला हात लावायचा नाही. वाळू मोठ्या बेटावरून, ग्रेनाडाहून मागव." त्यानं मागवली. पण नाताळात होड्या भरतात त्या बाटल्यांनी, खोक्यांनी आणि नातेवाईकांनी. वाळू धक्क्यावर पडून राहिली. इकडे जेवणाचा दिवस ठरलेला, ढोलवाले सांगितलेले, लिंडनचं परतीचं तिकीट काढलेलं.

त्या आठवड्यात मी आणि युफेमिया हिल्सबरोच्या बाजारात गेलो, तांदूळ, पीठ आणि दोन मेंढे आणायला. परत आलो तर चौथरा उभा. सिमेंट अजून ओलं होतं. लिंडन शर्ट काढून बाजूला उभा होता, सिमेंटनं माखलेला. त्यानं दोन्ही हात पुढे केले. तळव्यांना फोड आले होते.

"बघ आई. सगळी वाळू मी स्वतः वर आणली. बादलीनं. आणि खाली रान किती माजू दिलं होतंस! तेही साफ केलं. पाहुणे येणार, अंगण कसं दिसायला हवं!" पाहुण्यांच्या गाड्या आत याव्यात म्हणून त्यानं निवडुंगही एका बाजूनं तोडलं होतं.

युफेमिया कड्याच्या टोकाशी गेली. मीही गेले. खाली पायथ्याशी खड्डा पडला होता, त्यात होडी आडवी मावली असती. उपटलेल्या मर्यादवेलीचा ढीग बाजूला उन्हात वाळत होता. वाळ्याची खालची ओळ अधांतरी लोंबत होती.

लिंडनचा दोष म्हणावा तर तो बेट सोडून गेला तेव्हा तिथे यातलं काहीच नव्हतं. त्याच्या लेखी ते तण होतं, आणि आमच्याकडे चांगल्या घराचं अंगण कसं, तर झाडून लख्ख केलेलं, एक पान न पडलेलं. मातीला येऊ न शकलेल्या पोरानं भावासाठी अंगमेहनत केली होती. वाळू तिथेच का खणली? कारण सगळ्या किनाऱ्यावर वाळू उरली होती ती तिथेच.

मला वाटलं, ती आता किंचाळेल. पण दगडाच्या जेवणाआधी घरात भांडण झालं तर मेलेला माणूस उपाशी उठतो, असं मानतात. ती म्हणाली, "हात धुऊन घे. फोडांना कोरफड लाव. जेवायला बस."

मला असली बंधनं जमत नाहीत. मी हेस्केथला गाठलं. "तो लंडनचा, त्याला कळत नाही. तुझे डोळे कुठे होते रे, बोडक्या? किनाऱ्यावरची वाळू काढायला सरकारची बंदी आहे ना?"

"टँटी, घरचा थोरला म्हणतो घे, तर मी कोण नको म्हणणारा? सरकारची बंदी आहे म्हणतेस? या वाडीतलं एक घर दाखव, जे या वाळूशिवाय उभं राहिलंय."



जेवण झालं, आणि झक्क झालं, हे खोटं कशाला सांगू? मक्याच्या पिठाचे गोळे, तूर, मेंढ्याचं मटण, रम. ढोल पहाटेपर्यंत वाजले. रीतीप्रमाणे संगमरवरावर अंडं फोडलं, रम शिंपडली, चौघांनी तो खांद्यावर नेऊन बसवला. लिंडन ढसाढसा रडला, मग नाचला. आईच्या गळ्यात पडून म्हणाला, "आता तो कोरडा झोपेल." युफेमियानं त्याची पाठ थोपटली. तिची नजर मात्र लादीवर होती. केवढं ते वजन!

लिंडन लंडनला परत गेला आणि त्यानंतर ग्रेनाडाची वाळू आली. वरातीमागून घोडं. आम्ही दोघींनी ती सगळी खड्ड्यात ओतली, वर नारळाच्या सोडणांचे थर दिले, वेलीचे तुकडे खोचले. पण नव्या वेलीला पाणी हवं आणि पावसाळा संपला होता. टाकी तळाला गेली. युफेमिया एक वेळ आंघोळ करायची आणि ते पाणी पातेल्यात धरून खाली न्यायची. वेलीनं पालवी धरली. त्यात बकऱ्या मोकाट सुटल्या. निवडुंग जिथे तोडलं होतं तिथून त्या आत आल्या आणि एका सकाळीत सगळी पालवी खाऊन गेल्या. कुणाला बोलणार? मी तरीही बोलले, सगळ्या वाडीला ऐकू जाईल असं. त्यानं वेल उगवली नाही.

लाट आली ती निळ्याभोर आभाळाखाली. वारा नव्हता. लांब उत्तरेला कुठेतरी वादळ झालं होतं, त्याची लाट दिवसाढवळ्या आमच्याकडे आली. मी भाजी निवडत होते आणि जमीन हादरल्यासारखी वाटली. धावत गेले तर युफेमिया कड्याशी उभी होती.

ओतलेली वाळू पहिल्या तासातच गेली होती. आता प्रत्येक लाट त्या खड्ड्यात शिरत होती आणि आतून माती घेऊन बाहेर पडत होती. दोन्ही बाजूंना वाळा जिथे शाबूत होता, तिथे कडा टिकून होता. मधेच तेवढं तोंड उघडलं होतं, नेमकं चौथऱ्याखाली.

"माकोमे, मागे हो!" मी तिला कमरेला धरलं.

"लादी काढा," ती म्हणत होती. "कुणीतरी लादी काढा त्याच्यावरची. खाली दबतोय तो."

हेस्केथ आला, आणखी पुरुष आले. दोर आणले. पण त्या टोकावर पाय कोण ठेवणार? चौथरा आधी समुद्राकडे वाकला. मग मातीचा आवाज आला आणि सगळं एकदम खाली गेलं, लादी, संगमरवर, शंख आणि त्यांच्याखाली जे होतं ते. पुढची लाट आली आणि खड्डा धुऊन गेली. मी तिचे डोळे झाकायला हात नेला. तिनं तो बाजूला सारला. तिला बघायचं होतं.

पाणी उतरल्यावर सगळी वाडी किनाऱ्यावर शोधत होती. हेस्केथ छातीभर पाण्यात बुड्या मारत होता, त्याचे डोळे लाल झाले होते, कोण जाणे मिठानं की कशानं. शंख मिळाले. पेटीची एक कडी मिळाली. क्लेमंटचं काही मिळालं नाही. संगमरवर मात्र तिथेच उताणा पडला होता. ओहोटीला त्याच्यावरचं नाव स्पष्ट वाचता येतं.

रविवारी लिंडनचा फोन आला. मी तिथेच होते. तिला एकटी सोडायला मी घाबरत होते.

"आई, कशी आहेस? क्लेमंटचा दगड काय म्हणतोय?"

मी फोनसाठी हात पुढे केला. कुणीतरी सांगायलाच हवं होतं आणि मला सांगता आलं असतं. युफेमियानं माझं मनगट असं धरलं की वळ उठला.

"दगड आहे रे," ती म्हणाली. "दगड कुठे जातोय?"

"आणि तो? तुझ्या स्वप्नात येतो का? माझ्या नाही येत आता. शांत झाला बघ, आई. हे मी आधीच करायला हवं होतं."

"हो," ती म्हणाली. "शांत झाला. तू जेवलास का?"

फोन ठेवल्यावर मी तिच्यावर भडकले. "किती दिवस लपवशील? पुढच्या नाताळात येईल तेव्हा काय दाखवशील त्याला?"

"येईल तेव्हा बघू," ती म्हणाली. "आता सांगितलं तर तो कधीच यायचा नाही. मला दोन मुलगे होते, माकोमे."