दहावीतली कावीळ

उमापुरात कौशल्याबाईंच्या खरेपणाची थट्टा व्हायची. म्हशीचं दूध पातळ निघालं, तर गिऱ्हाइकानं तोंड उघडायच्या आधी त्याच सांगायच्या, "आज दुधात दम न्हाई, बाई." हिच्या तोंडात तीळ भिजत नाही, असं भावकीतल्या बायका म्हणायच्या. पण एक गोष्ट त्याच तोंडात वर्षानुवर्षं गच्च बसली होती आणि शेजारणीलासुद्धा तिचा पत्ता नव्हता. ती म्हणजे दिपालीच्या काविळीमागची खरी गोष्ट.

दिपाली त्यांची एकुलती लेक. दहावीला असताना ती एकाएकी अंथरुणाला खिळली. ताप नाही, खोकला नाही. भिंतीकडं तोंड करून पडायची, वेणी घालू द्यायची नाही, जेवायला बसवलं तर घास हातातच राहायचा. "आई, मला कशाचंच काही वाटत न्हाई," एवढंच म्हणायची. पोरीच्या डोक्यात काही बिघाड आहे असं एकदा गावात झालं, की तिला करून कोण घेणार? कौशल्याबाईंनी कावीळ झाल्याचं उठवून दिलं. आणि तेही कच्चं नाही. घरात महिनाभर हळद बंद, तेल बंद. फोडणीचा वास शेजारी गेला तर बिंग फुटेल, म्हणून घरधनी शहादेव बिचारा पांढरंफटक वरण गिळत बसला. शेजारणींनी उसाचा रस आणून दिला, फुटाणे दिले. पुढं दिपाली आपसूक उठली, हसायला लागली. गेली ब्याद एकदाची, असं कौशल्याबाईंना वाटलं.

स्थळं यायला लागली तेव्हा त्यांनी लेकीकडून पाढ्यासारखं घोकून घेतलं. कधी आजारी पडली होतीस का, असं पाहुण्यांनी विचारलं तर काय सांगायचं?

"दहावीत कावीळ झालती. आता बरी हाय."

म्हणून झालं की दिपाली विचारायची, "बरोबर सांगितलं न्हवं, आई?" मग आई तिच्या तोंडावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडायची. झाकली मूठ सव्वा लाखाची! चौसाळ्याचं चांगलं घर मिळालं, अभिमन्यूसारखा गरीब स्वभावाचा जावई मिळाला, ऋतुजा झाली.

ऋतुजा चालायला लागली आणि दिपालीनं पुन्हा भिंत धरली.

अभिमन्यूनं ना देवऋषी पाहिला ना अंगारा आणला. सासूला सोबत घेऊन त्यानं बायकोला थेट शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं उदासीच्या आजारावर संशोधन चाललं होतं. हा आजार आयुष्यात पहिल्यांदाच झालेले आणि ज्यांना तो फिरून फिरून गाठतो ते, यांच्यात काय फरक असतो, याचा तिथले डॉक्टर अभ्यास करत होते. त्यातल्या मोहिनी मॅडम वयानं लहान, बोलायला गोड. त्यांनी दिपालीला बरंच विचारलं, पण ती बोलेना. तेव्हा त्या कौशल्याबाईंकडं वळल्या.

"मावशी, नीट आठवून सांगा. याआधी कधी असं झालं होतं का? लग्नाआधी?"

जावई शेजारीच बसलेला होता. कौशल्याबाईंनी एकदा त्याच्याकडं पाहिलं.

"न्हाई वो. हे पैल्यांदाच. दहावीत कावीळ झालती तेवढी."

दिपालीनं मान वर करून आईकडं पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. अभिमन्यू काही बोलला नाही.

गोळ्यांनी गुण आला. दिपाली भाकरी थापताना गुणगुणायला लागली, ऋतुजाला मांडीवर घेऊन तिच्या इवल्याशा केसांना रिबिनी बांधायला लागली. पहिल्यांदाच झालेला आजार, आणि पूर्ण बरी होऊनही बरेच महिने लोटलेले. म्हणून मोहिनी मॅडमनी गोळ्या हळूहळू कमी करून थांबवल्या. कौशल्याबाईंनी देवीला नारळ फोडला.

दिवाळीच्या तोंडावर जावयाचा फोन आला. "मामी, या," एवढंच तो बोलू शकला.

त्या पोचल्या तेव्हा दिपाली भिंतीकडं तोंड करून पडली होती. आता पाणीसुद्धा चमच्यानं पाजावं लागत होतं. ऋतुजा आईच्या पाठीला टेकून बाहुलीशी बोलत बसली होती. आईनं वळून बघावं म्हणून हाका मारणं तिनं सोडून दिलं होतं.

दवाखान्यात दिपालीला दाखल करून घेतलं आणि व्हरांड्यात त्यांनी मोहिनी मॅडमचे हात धरले.

"मॅडम, मी खोटं बोलले. ती कावीळ न्हवती. हेच होतं."

मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "मावशी, तेव्हा कळलं असतं तर गोळ्या इतक्यात थांबवल्या नसत्या. पुन्हा उलटणाऱ्या आजाराला त्या जास्त काळ द्याव्या लागतात."

त्या चिडल्या असत्या तरी परवडलं असतं. कौशल्याबाई जावयाकडं वळल्या आणि त्याच्यासमोर हात जोडले.

"पाव्हणं, फसवलं मी तुमाला. मला काय बी म्हणा, पण लेकराला माझ्या टाकू नका."

अभिमन्यूनं त्यांचे हात खाली घेतले. "मामी, मला माहीत हाय. लग्नाच्या पैल्या वर्षीच सांगितलं तिनं. आईला कळू देऊ नका म्हणली. आईनं माझ्यासाठी लई सोसलंय म्हणली."

"मग त्या दिशी बोलला कावून न्हाईत?"

"तुमी न्हाई म्हणलात. डॉक्टरम्होरं मी तुमाला खोटं कसं पाडायचं?" असं म्हणून तो धडधाकट माणूस तोंड फिरवून रडायला लागला.

घ्या! ज्याच्यापासून झाकायचं, त्याला सगळं ठाऊक. आणि ज्यांना सांगायचं, त्यांनाच तेवढं कुणी सांगितलं नाही. सासूची अब्रू राखली, जावयाचा मान राखला, आणि या राखाराखीत पोर मात्र हातची चालली. कौशल्याबाईंना भिंतीवर कपाळ आपटून घ्यावंसं वाटलं.

तिघंही आत आले. मोहिनी मॅडम खाटेवर दिपालीच्या उशाशी बसल्या. "दिपाली, आईनं सगळं सांगितलंय. कुणी रागावणार नाही. दहावीत काय झालं होतं, तू सांगशील?"

कौशल्याबाईंनी लेकीचा गार हात दोन्ही हातांत घेतला. "सांग बाई. आता खरं काय ते सांग."

दिपालीचे ओठ हलले. कित्येक दिवसांत ती पहिल्यांदाच बोलत होती.

"दहावीत कावीळ झालती," ती शब्द शब्द जुळवत म्हणाली. "आता बरी हाय."

आणि मोठ्या कष्टानं मान वळवून तिनं आईकडं पाहिलं.

"बरोबर सांगितलं न्हवं, आई?"