गोजराबाईनं कोळसा उपसला

मुळशीच्या त्या रिसॉर्टात चादरी रोज धुतल्या जायच्या आणि त्यांचं निळसर, फेसाळ पाणी पाइपातून चरात आणि चरातून थेट गोजराबाईच्या मेथीच्या वाफ्यात उतरायचं. दोनदा मेथी पिवळी पडून बसली. तिनं रिसॉर्टचा मॅनेजर किशोर याला सांगून पाहिलं, पंचायतीत अर्ज दिला. पाणी येतच राहिलं.

मग तिच्या शिकलेल्या सुनेनं, गौतमीनं, मार्ग काढला. भातगिरणीमागं तुसाचा ढीग पडून असायचा. लोक तो पेटवून द्यायचे आणि दिवसभर धुरानं खोकत बसायचे. गौतमीनं ते तूस झाकणाच्या पिंपात कोंडून भाजलं आणि लाल झालेल्या कोळशावर वाफ सोडली.

"वाफेनं ह्याला बारीक भोकं पडत्यात, आत्या. पाण्यातली घाण त्यात अडकून बसती."

"कोळशानं पाणी धुवायचं? आजवर माझं हात तेवढं काळं झालं त्यानं!" गोजराबाई म्हणाली. पण कुदळ तिनंच उचलली. चर जिथं शेतात शिरायचा तिथं खड्डा खणला, तळाला खडी घातली, वर कोळसा भरला. तिसऱ्या दिवशी पलीकडून निघालेलं पाणी तिनं ओंजळीत धरलं. वास नव्हता, फेस नव्हता. पंधरा-पंधरा दिवसांनी दोघी थकलेला कोळसा काढून ताजा भरू लागल्या, आणि मेथी गुडघ्याकडं झेपावली.

एका सोमवारी किशोर हसत बांधावर आला.

"मावशी, कमाल केलीत! खालच्या वाडीनं मागेच आमच्या पाण्याची तक्रार केली होती. उद्या तपासणीला प्रदूषण मंडळाच्या मॅडम येतायत. नमुना इथूनच देऊ, तुमच्या खड्ड्याखालून. वर फलक लावू, आमचा जलशुद्धीकरण प्रकल्प म्हणून."

"पाइप कवा बंद करताय?"

"बंद कशाला? पाणी स्वच्छच तर जातंय!"

तो गेल्यावर गोजराबाई खड्ड्याकडं बघत उभी राहिली. भाजून, कुटून, वाहून आणलेला तो कोळसा आता त्यांचीच घाण झाकणार होता.

मंगळवारी उजाडताच तिनं फावडं घेतलं.

"आत्या, मेथी काढणीला आलीय," गौतमी कळवळली. "सगळी जाईल."

"जाऊ दे. माज्या कोळशाआड लपत्यात ते. लपू द्यायची न्हाई मी."

गौतमीनं घमेलं पुढं धरलं. दोघींनी खडीपर्यंत खड्डा उपसला. फेस मेथीच्या मुळांत शिरला तेव्हा गोजराबाईनं तोंड फिरवलं नाही.

अकराच्या सुमाराला किशोर मॅडमना घेऊन आला आणि जागीच थबकला.

"मावशी, कोळसा कुठाय?"

"माजा व्हता, मी काढला. तुमची पाणी साफ करायची टाकी कुटं हाय? ती दावा बाईस्नी."

"स्वतःच्या जमिनीचं वाटोळं करून घेताय तुम्ही!"

"व्हय. जमीन माजी. पाणी कुणाचं, ते सांगा."

मॅडमनी वाफ्यातून एक बाटली भरली, मग चराच्या कडेकडेनं चालत पाइपाच्या तोंडाशी जाऊन दोन भरल्या.

महिनाभरात रिसॉर्टचं धुणीघर बंद झालं. स्वतःची टाकी बांधल्याशिवाय चरात थेंबही सोडायचा नाही, असा लेखी हुकूम आला. गोजराबाईची मेथी मात्र मुळासकट उपटून टाकावी लागली.

टाकी झाल्यावर किशोरनं माणसाकरवी निरोप धाडला, की आता तीत भरायला कोळसा लागेल, मावशींनी द्यावा.

"तूस गिरणीमागं पडलंय," तिनं उलटा निरोप धाडला. "पिंप घ्या, भाजा. हात काळं झालं तर मरत न्हाई मानूस."

त्याच आठवड्यात खालच्या वाडीच्या चौघीजणी कोळसा करायला शिकायला आल्या. त्यांना पिंपाचं झाकण कसं लिंपायचं ते गोजराबाईनं स्वतः बसून दाखवलं.