म्हातारीचा वॉल्ट्झ

लेक आणि जावई जोडीनं नाचून देशात तीनदा पहिले आले होते. कपाट कपांनी भरलं, खिडकीत कप, फ्रिजवर कप. आणि ते पुसायचे कोणी? म्हातारीनं! त्याचंही तिला काही नव्हतं. पण परवा जेवताना जावयानं शांतपणे सांगितलं, "या वेळच्या स्पर्धेला मी दुसरी जोडीदार घेतोय. एक मुलगी बघून ठेवलीय." लग्न राहणार म्हणे, नाच तेवढा मोडणार. जसं काही या दोघांच्या लग्नात नाचाशिवाय दुसरं काही होतं!

म्हणून ड्रेसवर खडे लावायचं निमित्त करून म्हातारी आज सरावाच्या हॉलवर येऊन बसली. आल्यापासून ऐकत होती, कान किटले.

"पुन्हा ओढलंस," जावई म्हणाला. "वळायचं कधी, ते मी ठरवायचं."

"मग ठरव ना! तुझी खूण येईपर्यंत गाणं संपतं."

"खूण येते. तू थांबतच नाहीस."

म्हातारीनं सुई कापडात खोचली. "काय हो जावईबापू, तीनदा पहिले आलात तेव्हा नव्हती का ओढत?"

"तेव्हाही ओढायची, आई. तेव्हा माझा खांदा धड होता. आता डॉक्टर म्हणतात, असंच चाललं तर हात वर जायचा नाही."

"माझी पोर कोणाला ओढत नाही. माझ्या हाताखाली वाढलीय ती."

जावयानं सासूकडे नीट बघितलं आणि हात पुढे केला. "या. साधा वॉल्ट्झ. तुम्ही काही करायचं नाही, मी नेईन तिकडे यायचं."

काही करायचं नाही! असं तिला जन्मात कोणी सांगितलं नव्हतं. पण माघार घेईल ती म्हातारी कसली? पदर खोचून उभी राहिली. गाणं लागलं. जावई डावीकडे निघाला, तर तिकडे कोपऱ्यात खुर्ची.

"अहो, खुर्ची आहे तिथं!"

"दिसतेय मला, आई."

"दिसतेय तर वळा ना!" आणि त्याची वाट न बघता तिनंच त्याला गर्रकन वळवलं.

"आई गं!" जावई खांदा धरून खाली बसला. तोंड पांढरंफटक.

"मी काही केलंच नाही!" म्हातारी कडाडली.

लेक आरशापाशी उभी होती. आठवडाभर हेच वाक्य ती स्वतः म्हणत आली होती. ती सावकाश नवऱ्याजवळ गेली. "जा, त्या पोरीबरोबर नाच," ती म्हणाली. "मी नाही तुझा हात घालवायची."

"अगं, काय बोलतेस हे? स्पर्धा तुझीही आहे!" म्हातारीच्या अंगाचा तिळपापड झाला. एकीला थांबता येत नाही, दुसऱ्याला भांडता येत नाही, आणि दोघं म्हणे चॅम्पियन!

जावई उठला. खांदा फिरवून बघितला. "एकदाच," तो बायकोला म्हणाला. "डोळे मिटून."

"मिटून? मला दिसणार काय?"

"काही नाही. तेच हवंय."

तिनं डोळे मिटले. पहिली पावलं अशी टाकली, जणू ओल्या फरशीवरून चाललीय. मग पाठीवरच्या त्याच्या तळव्याची खूण येईपर्यंत ती थांबू लागली. भिंत जवळ आली. आणखी जवळ. जावई अजून वळेना! म्हातारीच्या ओठांवर हाक आली, तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. अगदी भिंतीशी जावई वळला, आणि त्याच्याबरोबर लेकही वळली, पाण्यातून हात फिरावा तशी. खांद्याला हिसका नाही, काही नाही.

गाणं संपलं तरी लेकीनं डोळे उघडले नाहीत.

"त्या मुलीला कळवतो, येऊ नको म्हणून," जावई म्हणाला.

म्हातारीनं बोळा काढला. "कळवतो काय? आत्ता फोन लावा. आणि गोड बोलत बसू नका, सरळ सांगा की..."

"आई!" दोघं एकदमच ओरडली.