कांडीकिड्याची खोली

ऊस संशोधन केंद्रात दोघी सख्ख्या बहिणी कामाला होत्या. थोरली नवे वाण तयार करायची, धाकटी ऊस आतून पोखरणारा कांडीकिडा वाढवायची. वाण किडीपुढे टिकतो का हे बघायचं, तर ऊस मुद्दाम किडीच्या तोंडी द्यावा लागतो, आणि त्यासाठी कीड हाताशी लागते. धाकटी त्या बंद, उबदार खोलीत पतंगांची अंडी गोळा करायची, अळ्यांना खाऊ घालायची. सगळे तिला 'अळ्यांची आई' म्हणायचे. तीही हसून म्हणायची, "घरची पोरं ऐकत नाहीत, ही तरी गपगुमान जेवतात."

पतंगांच्या पंखांवरची बारीक भुकटी खोलीत सतत तरंगायची. तिला आधी शिंका आल्या, मग खोकला, मग जिना चढताना दम लागू लागला. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "ही भुकटी तुमच्या फुप्फुसांना बाधलीय. ती खोली आजच सोडा."

तिने थोरलीला सांगितलं. कित्येक वर्षं खपून काढलेला थोरलीचा वाण शेवटच्या चाचणीत होता.

"एवढा हंगाम काढ ना गं," ती म्हणाली. "नवीन माणूस तयार होईपर्यंत अंडी हातची जातील. मास्क लाव. मग तुला ऑफिसात घ्यायला लावते."

"बघू," म्हणत धाकटी खोलीत गेली.

हंगाम तिने काढला. अंड्यांच्या शेवटच्या पट्ट्या उसाच्या पानांना टाचून झाल्या, आणि त्याच आठवड्यात ती खोलीच्या दारात कोसळली.

तोडणीला थोरलीने स्वतः कोयता घेतला. ऊस उभा चिरला. आत लालभडक बोगदा, त्यात भुसा. दुसरा चिरला, तीच गत. तिचा वाण साफ नापास झाला होता.

ती तडक दवाखान्यात गेली. धाकटीच्या नाकाला ऑक्सिजनची नळी होती.

"काय झालं, ताई?"

थोरलीला खोटं बोलावंसं वाटलं, पण तिने खरं तेच सांगितलं. "खाल्ला गं. आतून पार पोखरलाय."

धाकटीने दम घेतला. "म्हणजे माझ्या अळ्या धडधाकट होत्या."

थोरली हसायला गेली आणि तिला रडू फुटलं. "मी तुला तेव्हाच बाहेर काढायला हवं होतं."

"हो. हवं होतं," धाकटी म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

ती घरी आली, पण नळी काही सुटली नाही. पुढच्या हंगामाआधी केंद्राच्या साहेबांनी विचारलं, "खोलीत आता कोणाला घालू?" थोरली म्हणाली, भुकटी ओढून घेणारा पंखा बसेपर्यंत कोणालाच नाही. पंखा मंजूर झाला नाही. खोलीला कुलूप लागलं, चाचण्या थांबल्या.

सुट्टीच्या दिवशी थोरली बहिणीकडे जाते. कपडे धुते, औषधं आणून ठेवते. धाकटी बोलते तिच्याशी, पोरांचं, शेजारणीचं. फक्त आता ताई म्हणत नाही.