शून्य दिसेल, हात लावू नये

“मॅडम, या पोर्टमधून नऊ महिन्यांत काहीही गेलेलं नाही. हे बघा, शून्य.” साहेबांनी पडद्यावर बोट टेकवलं. “आणि या खोलीतही मला तेवढंच काम दिसतंय.”

तेव्हा मी सूनबाईच्या खुर्चीत बसून तिच्याच डब्यातलं खात होते. गुडघ्याचा एक्स-रे फोटो काढायला इस्पितळात आले होते, पण फोटोच्या रांगेपेक्षा सूनबाईची सर्व्हर रूम बरी, गार असते. साहेब नवे होते. त्यांच्या हातातल्या कागदात लिहिलं होतं की या खोलीला पूर्णवेळ माणसाची गरज नाही, मॅडमना दुसऱ्या इमारतीत नोंदणीच्या खिडकीवर बसवावं. सही तेवढी व्हायची होती. बावीस वर्षं तिनं ही यंत्रं सांभाळली. पोटच्या पोरांचे काढले नसतील इतके ताप तिनं त्यांचे काढलेत.

“सर, जे मोजतंय त्याला ते दिसतच नाही,” सूनबाई म्हणाली. “इस्पितळाचे सगळे फोटो तिथूनच जातात-येतात.”

“यंत्राला दिसत नाही आणि तुम्हाला दिसतं?”

“मीच बसवलंय ते.”

“मग त्या पोर्टवर, वायर खुपसलीय तिथे, ती हिरव्या दिव्याची टिकली कशाला लुकलुकतेय हो?” मी विचारलं. साहेबांनी माझ्याकडे बघितलं, डब्याकडे बघितलं आणि निघून गेले.

मला सगळं नीट समजलेलं लागतं, नाहीतर पुढे वाढवून सांगणार कसं? सूनबाईनं सांगितलं ते असं. यंत्राच्या घरात एक कारभारीण असते. येणारं-जाणारं सामान तिच्या हातून जातं आणि ती ते मोजते. पण फोटोंचं सामान एवढं, की तिची कंबरच मोडायची. म्हणून सूनबाईनं एक जादा कार्ड बसवलं. ते लांबच्या कपाटातून फोटोंची पोती परस्पर आणतं आणि परस्पर नेऊन ठेवतं. कारभारणीला पत्ताच नाही, म्हणून तिच्या मोजणीत शून्य. फक्त एक आहे. कार्डाला वाट ठाऊक नसते. कुठल्या गल्लीनं जायचं, पलीकडे कोण राहतं, ते कारभारणीलाच विचारावं लागतं. तिनं दार लावलं की कार्डही हात बांधून बसतं. दोघांमधले निरोप नेणारा एक प्रोग्राम असतो, त्याला म्हणतात ड्रायव्हर.

“तुझ्या सासऱ्यांसारखंच की,” मी म्हटलं. “ओझं सगळं स्वतः उचलायचे आणि रस्ता मला विचारायचे.”

ती हसली. तेवढ्यात हिरवी टिकली विझली.

साहेबांनी बिनकामाचं समजून आपल्या टेबलावरूनच ते पोर्ट बंद करून टाकलं होतं. फोन वाजायला लागले. मजल्या-मजल्यावरचे पडदे पांढरे पडले. वरच्या ऑपरेशन थिएटरात एक माणूस मांडीचं हाड मोडून टेबलावर निजलेला, आणि त्या हाडाचा फोटोच गायब.

साहेब धापा टाकत आले. “मशीन बंद करून परत चालू करा. आत्ताच्या आत्ता.”

“नाही,” सूनबाई म्हणाली. “अर्धे लिहिलेले फोटो अजून मशीनच्याच पोटात आहेत. बंद केलं तर ते गेले.”

“मग काय करायचं?”

“थांबायचं. बसा तिथे.”

साहेब बसले, माझ्या पिशवीवर. सूनबाईनं आधी त्या पोर्टचं दार उघडलं. कारभारणीला वाट सापडू दिली. मग ड्रायव्हरला उठवलं, मग कार्डाला कपाटापाशी धाडलं. मग एकेक कप्पा. घाई नाही, आवाज नाही. फक्त तिच्या कानामागून घामाचा ओघळ आलेला मला दिसत होता, त्या गार खोलीत.

फोन परत वाजला. मीच उचलला. “येतोय फोटो, डॉक्टर. तोवर हात धुवून घ्या.”

“धुतलेत.”

“मग परत धुवा.”

टिकली लागली. एकही फोटो हरवला नाही. सूनबाई म्हणते, सतरा मिनिटं लागली. मी तीन तास सांगते, कारण साहेबांकडे बघून तसंच वाटत होतं.

नंतर खोलीच्या नोंदवहीत तिनं लिहिलं: ‘पोर्ट बंद झालं होतं. पुन्हा चालू केलं.’ साहेबांनी ते दोनदा वाचलं.

“माझं नाव लिहायला हवं होतं तुम्ही.”

“परत बंद करणार आहात का?”

“नाही.”

“मग कशाला?”

साहेबांनी तो सहीचा कागद चार घड्या घालून खिशात टाकला. परत कधी बाहेर आला नाही. दुसऱ्या दिवशी त्या पोर्टच्या वर एक चिठ्ठी चिकटली, साहेबांच्याच अक्षरात: ‘शून्य दिसेल. हात लावू नये.’

पुढे दोन वर्षांनी नवी यंत्रं आली आणि ते कार्ड निघालं. त्याच महिन्यात सूनबाईही निवृत्त झाली. निरोपाला तिला घड्याळ मिळालं, ते तिनं कपाटात टाकलं. चिठ्ठी मात्र अलगद सोडवून घरी आणली आणि माझ्या आरामखुर्चीच्या पाठीला चिकटवली.

“इथे कशाला गं?”

“पाहुण्यांना तुम्ही नुसत्या बसलेल्या दिसता, आई. त्यांना काय माहीत.”

शाई उडत चाललीय. मी पाठ टेकताना जरा जपूनच टेकते.