मिस अर्नेस्टाईनचा चष्मा आणि शुक्रवारचा कागद

मित्रांनो, तारेने बांधलेली उजवी काडी पाहून तुम्ही ओळखलंच असेल, मी एक जुना चष्मा आहे. डाव्या काचेवर नखाएवढा ओरखडाही आहे. सहा वर्षे मी एकाच नाकावर बसलो. ते नाक अर्नेस्टाईन टॉलिव्हरचं. अलाबामातल्या आमच्या लहानशा गावात ती शाळेची बस चालवायची आणि सारी मुलं तिला मिस अर्नेस्टाईन म्हणायची.

माझ्या काचा तिच्या डोळ्यांच्या मापाने घासल्या गेल्या. तपकिरी चौकट तिने स्वतः निवडली. दुकानाबाहेर येऊन तिने पेकानच्या झाडाकडे पाहिलं आणि पुटपुटली, "देवा, एवढी पानं होती होय याला?" त्या क्षणी आपला जन्म सार्थकी लागला असं मला वाटलं.

रोज पहाटे आम्ही बस तपासायचो. वरच्या आरशात बेचाळीस चेहरे मी तिला दाखवायचो, कोण झोपलंय, कोण कुणाच्या वेणीला हात घालतंय. रविवारी आमच्या ख्रिस्ती देवळात पाळक गेदर यांचं प्रवचन. सुरुवातीला ते साध्या बोलण्यात असायचं. मग एखाद्या शब्दाला सूर फुटायचा, ऑर्गन त्याच्यामागून धावायचा, आणि पाहता पाहता प्रवचनाचं गाणं होऊन जायचं. अर्नेस्टाईनचे डोळे भरून यायचे आणि मी धुक्याने भरून जायचो. मला काही दिसायचं नाही, पण तसलं न दिसणं मला फार आवडायचं.

दुसरं न दिसणं मात्र हळूहळू आलं. डावीकडचं काही पाहायचं तर ती मानच काय, खांदाही वळवू लागली. दाराची चौकट खांद्याला लागायची. समोरचं मी स्वच्छ दाखवत होतो. कडेचा अंधार माझ्या काचेत नव्हता, तिच्या डोळ्यात होता. तिची आई डोळ्यातल्या दाबाने आंधळी झाली होती, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

ऑक्टोबरात एके सकाळी डावीकडे वळताना बसची डावी कड रस्त्याकडेच्या कचऱ्याच्या डब्याला लागली. डबा आडवा झाला, मागे मुलं हसली. अर्नेस्टाईन खाली उतरली, डबा उभा केला आणि त्याची उंची पाहत राहिली. पहिलीतलं पोर तेवढंच असतं. तिने कुणाला काही सांगितलं नाही. मित्रांनो, त्या दिवसापासून रोजच्या त्या वळणावर माझ्या काड्या तिच्या घामाने भिजायच्या.

अशातच नोव्हेंबरचा कागद आला. शाळाखात्यातल्या प्रत्येकाने पुढच्या वर्षासाठी डोळ्यांचा विमा हवा की नको यावर खूण करून शुक्रवारी पाचच्या आत तो परत द्यायचा. महिन्याला पंधरा डॉलर पगारातून कापले जाणार. बदल्यात वर्षातून एक तपासणी आणि चष्म्याला मदत. कार्ड जानेवारीपासून चालू.

तिचा नवरा क्लीव्हन कागदगिरणीतून निवृत्त झालेला, पैसा जपून वापरणारा. मक्याची भाकर खाता खाता तो म्हणाला, "सहा वर्षं एक चष्मा टिकला तुझा. आता काय नाकाचा विमा काढायचा?" तिचं म्हणणं, कार्ड आलं की जानेवारीत डोळे दाखवीन. मग तो वजाबाकी करायचा, ती बेरीज करायची, आणि कागद पुन्हा मीठदाणीखाली जायचा. असे दहा दिवस गेले.

मी तिच्या डोळ्यांच्या इतका जवळ होतो की मला खरं कळत होतं. घोळ पैशांचा नव्हताच. कागद जोवर मीठदाणीखाली होता, तोवर डॉक्टरकडे जायला नको होतं.

बुधवारी देवळात सामुदायिक जेवण होतं. अर्नेस्टाईन वाढता वाढता वळली आणि डावीकडे ताट घेऊन उभ्या असलेल्या सिस्टर ओडेसा क्रम्पलरवर आदळली; आमच्या देवळात बायका एकमेकींना सिस्टरच म्हणतात. ओडेसाने तीस वर्षं डोळ्यांच्या दवाखान्यात काउंटर सांभाळला होता. सांडलेली भाजी तशीच ठेवून तिने अर्नेस्टाईनला बाकावर बसवलं आणि विचारलं, किती दिवस झाले? अर्नेस्टाईनने विमा, कागद, जानेवारी, सगळं सांगितलं.

"अगं, ते कार्ड चष्म्याचं," ओडेसा म्हणाली. "आजारी डोळ्याचं कार्ड तुझ्या पर्समध्ये आत्ता आहे. खोकला झाला की दाखवतेस ना, तेच तब्येतीच्या विम्याचं. जानेवारीची वाट बघत बसलेली माणसं पाहिलीत मी. काहींना हात धरून खुर्चीत बसवावं लागलं मला."

अर्नेस्टाईनने मला काढून पुसलं. मग हळूच म्हणाली, "डॉक्टर माझी बस काढून घेतील, ओडेसा."

"घेऊ देत. बस गेली तर तू एकटी रडशील. पोर चाकाखाली आलं तर कोण कोण रडेल, ते मोज."

गुरुवारी पहाटे अर्नेस्टाईनने फोन करून बदली चालक मागितला. मला वाटलं, आता सुटलो. पण दवाखान्यात मला काढून एका ताटलीत ठेवलं आणि तिला यंत्रात हनुवटी टेकायला लावली. आत बारीक दिवे चमकणार. दिसला की बटण दाबायचं. मला फक्त बटणाचा आवाज येत होता. उजव्या डोळ्याच्या वेळी तो भराभर आला. मग डावा डोळा. एकदा टिक झालं. नंतर काहीच नाही. मी ताटलीत पडून वाट पाहत होतो. खूप वेळाने आणखी एक टिक. इतकी लांब शांतता मी कुठल्याच प्रार्थनेत ऐकली नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं: गेलेलं परत येत नाही, उरलेलं रोजच्या थेंबांनी राखता येईल. बस मात्र नाही.

अर्नेस्टाईन तशीच बसच्या आगारात गेली आणि कुणी मागण्याआधी किल्ली खुंटीला अडकवली. आता ती तिथेच बसशी बोलायच्या रेडिओजवळ बसते आणि प्रत्येक चालकाला कुठल्या वळणावर कुठलं पोर उभं असतं ते सांगते.

शुक्रवारी दुपारी कागद टेबलावर होता. आजाराचं दुसऱ्या कार्डावर भागतंय, तर हा विमा कशाला, असं तीच म्हणाली. क्लीव्हनने चमचा खाली ठेवला. त्याने एकोणीस वर्षांत डोळे दाखवले नव्हते, हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

"तू आता तशीही डोळे दाखवायला जाशील. मी नाही जायचो. पण पैसे भरले की मी जातो, वाया घालवत नाही," तो म्हणाला. मग कागद अगदी नाकाजवळ धरून त्याने 'पती-पत्नी दोघे' या ओळीवर खूण केली. ती ओळ शोधायला त्याला किती वेळ लागला, ते आम्ही दोघांनी पाहिलं.

फेब्रुवारीत अर्नेस्टाईनला नवा चष्मा आला. मी खणात आहे, संपलेल्या बॅटऱ्या आणि रबरबँडच्या शेजारी. मला त्याचा राग नाही. मित्रांनो, विमा घ्यावा की नाही हा हिशेब ज्याच्या-त्याच्या घरचा. तो खुशाल करा, दोनदा करा. फक्त तो होईपर्यंत डोळ्यांना दारात ताटकळत ठेवू नका. देवाने ही जोडी एकदाच दिली आहे. तुमच्या नाकावर माझा कुणी भाऊबंद असेल, तर त्याला पुसता पुसता घडीभर डोळ्यांनाही विचारत जा: बाबांनो, कडेला कोण उभं आहे, दिसतंय ना?